मनीला घंटी का कळली नाही

आमच्या घरातील मनी या मांजरीचे सुके खाद्य एका स्टीलच्या डब्यात असते. डब्याचे झाकण घट्ट असल्याने ते चमच्याच्या दांडीने उचकटावे लागते आणि त्या वेळी ‘टक्’ असा आवाज होतो. मनी घरात कोठेही असली, तरी त्या आवाजासरशी धावत येते. गच्चीपर्यंत मात्र तो आवाज पोहोचत नाही, म्हणून तिला घंटीची सवय लावावी असे आम्ही ठरवले आणि दोन महिने, सकाळ-संध्याकाळ, झाकण उचकटतानाच एक पितळी घंटीही न चुकता वाजवली. अशी सुमारे १२० वेळा जोडी जुळवून झाल्यावर, ती गच्चीच्या कठड्यावर बसलेली असताना मी नुसती घंटी वाजवली. तिने एक कान माझ्या दिशेने वळवला आणि पंजा चाटणे चालू ठेवले. घंटी तिला ऐकू आली होती, पण घंटीचा खाण्याशी काही संबंध आहे हे ती शिकलीच नव्हती.

एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा केली की जनावर ती शिकते, असे आपण सहज म्हणतो. या समजुतीला शाळेत वाचलेल्या पाव्हलोव्हच्या कुत्र्यांचा आधार वाटतो. इव्हान पाव्हलोव्ह हे मूळचे पचनक्रियेचे अभ्यासक आणि १९०४ चे नोबेल पारितोषिकही त्यांना त्याच कामासाठी मिळाले. कुत्र्याच्या लाळग्रंथीची नलिका छोट्या शस्त्रक्रियेने गालाबाहेर आणून ते लाळ मोजत असत. तालमापकाचे (मेट्रोनोमचे) ठोके ऐकवून नंतर अन्न दिले, की काही दिवसांनी नुसत्या ठोक्यांनीही लाळ सुटू लागते. या शिकण्याला अभिजात अभिसंधान म्हणतात. ठोक्यांनंतर अन्न देणे बंद केले की लाळ हळूहळू थांबते, ते विलोपन. मात्र काही काळ विश्रांती दिल्यावर तीच लाळ ठोक्यांना पुन्हा सुटते, म्हणजे विलोपनात जुने शिकणे पुसले जात नाही. हे सगळे खरेच आहे. परंतु त्यावरून दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या की प्राण्याच्या मनात त्या आपोआप जोडल्या जातात, असा जो निष्कर्ष काढला जातो, तो चुकीचा आहे.

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रेस्कोर्ला यांनी १९६८ मध्ये उंदरांच्या वेगवेगळ्या गटांना ध्वनीसोबत सारख्याच प्रमाणात विजेचे सौम्य धक्के दिले, पण एका गटाला ध्वनी नसतानाही तितक्याच वारंवार धक्के बसतील अशी व्यवस्था केली. हा गट ध्वनीला घाबरायला शिकला नाही, कारण ध्वनी असो वा नसो, धक्क्याची शक्यता सारखीच होती. कावळा ओरडला की पाहुणा येतो, असे मानणाऱ्याने नेमका हाच हिशेब केलेला नसतो. कावळा ओरडूनही कोणी आले नाही असे दिवस आणि कावळा न ओरडताच आलेले पाहुणे त्याने मोजलेले नसतात. प्रयोगशाळेतील उंदराने ही मोजणी केली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

मनीचे कोडे मात्र सुटते ते मानसशास्त्रज्ञ लिऑन केमिन यांच्या प्रयोगांमुळे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात त्यांनी अन्नासाठी कळ दाबणाऱ्या उंदरांना आधी १६ वेळा ध्वनी ऐकवून धक्का दिला. नंतर ध्वनी आणि दिवा एकत्र देऊन ८ वेळा तोच धक्का दिला आणि शेवटी फक्त दिवा लावून पाहिला. घाबरलेला उंदीर कळ दाबायचे थांबतो, त्यामुळे दिवा लागण्यापूर्वीच्या आणि लागल्यानंतरच्या दाबण्यांची तुलना करून भीती मोजता येते. या मापात ०.५ म्हणजे भीती मुळीच नाही आणि ० म्हणजे उंदीर पूर्ण थिजला. ज्यांना आधी ध्वनी शिकवला नव्हता, त्यांचा दिव्यासाठीचा आकडा ०.०५ आला, ज्यांना शिकवला होता, त्यांचा ०.४५. दिवा आणि धक्का यांची जोडी दोन्ही गटांत ८ वेळाच जुळली होती. धक्क्याची सूचना ध्वनीने आधीच दिलेली असल्यामुळे दिव्याकडून नवे काहीच कळत नव्हते. दुसऱ्या टप्प्यात धक्का अचानक तीव्र केला, तेव्हा मात्र उंदीर दिव्यालाही घाबरू लागले. अपेक्षा चुकली, तेव्हाच शिकण्याचे दार उघडले.

रेस्कोर्ला आणि ॲलन वॅग्नर यांनी १९७२ मध्ये हाच विचार एका समीकरणात बसवला. प्रत्येक वेळी शिकण्यात पडणारी भर ही प्रत्यक्ष मिळालेले आणि समोरच्या सर्व खुणांवरून अपेक्षिलेले यांतील तफावतीच्या प्रमाणात असते. अन्नाचे मोल १०० धरू आणि दर वेळी तफावतीच्या निम्मे शिकले जाते असे मानू. पहिल्या वेळी झाकणाच्या आवाजाला ५० मिळतात, मग २५, मग १२.५, आणि बेरीज १०० च्या जवळ जाऊन थबकते. आता घंटी आली, तरी १०० ची अपेक्षा आधीच पूर्ण आहे, तफावत शून्य, म्हणून घंटीच्या वाट्याला शून्य. यातून एक अनपेक्षित भाकीत निघते. दोन खुणा स्वतंत्रपणे शिकवून प्रत्येकीला १०० पर्यंत नेले आणि मग दोन्ही एकत्र देऊन नेहमीइतकेच अन्न दिले, तर अपेक्षा २०० ची आणि मिळकत १०० ची होते. तफावत उणे येते आणि अन्न एकदाही चुकलेले नसताना दोन्ही खुणांचे मोल ५० च्या दिशेने घसरायला हवे. उंदरांवरील प्रयोगांत अशी घसरण खरोखर दिसली. या समीकरणाला न पेलणाऱ्या गोष्टीही आहेत, आणि वर सांगितलेले विलोपनानंतरचे पुनरागमन ही त्यांपैकीच एक.

पुढे मेंदूचे अभ्यासक वोल्फ्राम शुल्त्स यांना माकडांच्या मेंदूतील, डोपामिन हे संदेशवाहक रसायन सोडणाऱ्या पेशींमध्ये हीच तफावत दिसली. फळांचा रस अनपेक्षितपणे मिळाला की या पेशी जोराने स्पंदने पाठवत. रसापूर्वीची खूण माकड शिकले की त्या खुणेला प्रतिसाद देत आणि प्रत्यक्ष रस मिळताना शांत राहत. अपेक्षित रस आलाच नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्यांची स्पंदने मंदावत. डोपामिनला ‘आनंदाचे रसायन’ म्हणून त्याचे ‘उपवास’, म्हणजे सुखाच्या गोष्टी काही काळ टाळण्याचे उपाय, विकणाऱ्यांनी एवढे तरी पाहायला हवे की रस तोंडात असतानाही या पेशी गप्प राहू शकतात.

घरातील निरीक्षण म्हणजे प्रयोग नव्हे. मनीच्या बाबतीत तुलनेसाठी दुसरी मांजर नव्हती. तरीही आम्ही रीत बदलून पाहिली. खाद्य आधीच वाटीत काढून ठेवायचे, डब्याला तिच्यासमोर हातही लावायचा नाही, आधी घंटी वाजवायची आणि क्षणभराने वाटी पुढे करायची. झाकणाचा आवाज न होता आलेले अन्न तिला अनपेक्षित होते आणि त्याची सूचना देणारी घंटीच तेवढी उरली होती. पाचव्या दिवशी संध्याकाळी घंटी वाजताच ती कठड्यावरून उतरून जिन्याने खाली आली. आता शेजारच्या घरी आरतीची घंटा वाजली तरी ती आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहते. तिथे वाटी नसते, आणि दोन आवाजांतील फरक तिला अजून शिकायचा आहे.