मार्सियानो नंतरच्या हेवीवेटांपुढे टिकला असता का?

हेवीवेट म्हणजे सर्वांत वजनदार गटातल्या बॉक्सिंगचा जगज्जेता रॉकी मार्सियानो २७ एप्रिल १९५६ रोजी निवृत्त झाला. ४९ लढती, ४९ विजय, त्यांतले ४३ नॉकआउट. एकदाही न हरता गेला म्हणून हा प्रश्न मागे उरला. १९६९ मध्ये निर्माता मरे वोरोनरने मायामीत त्याला आणि मुहम्मद अलीला रिंगमध्ये उतरवून मिनिटामिनिटाच्या फेऱ्या चित्रित केल्या. निकाल संगणकाने ठरवला. २० जानेवारी १९७० रोजी अमेरिकेत चित्रपटगृहांत दाखवलेल्या आवृत्तीत मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकला. तो स्वतः ३१ ऑगस्ट १९६९ रोजीच विमान अपघातात गेला होता.

तेरावी फेरी त्याच्या खऱ्या कारकिर्दीतही निर्णायक ठरली होती. २३ सप्टेंबर १९५२ रोजी फिलाडेल्फियात तेव्हाचा जगज्जेता जर्सी जो वॉलकॉटने त्याला पहिल्याच फेरीत खाली पाडलं. बारा फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकांवर वॉलकॉट पुढे होता. तेराव्यात मार्सियानोचा आखूड उजवा ठोसा जबड्यावर बसला आणि वॉलकॉट दोरांवर लोंबकळत खाली घसरला. जेतेपदाची लढत आता बारा फेऱ्यांची असते. त्या नियमाने तो किताब वॉलकॉटकडेच राहिला असता.

वजनाचा मुद्दा त्याहून अवघड. त्या रात्री मार्सियानो १८४ पौंडांचा होता. आज २०० पौंडांपर्यंतचा क्रूझरवेट गट वेगळा आहे, म्हणजे तो हेवीवेटमध्ये उतरलाच नसता. उंची जेमतेम ५ फूट १० इंच, हातही आखूड. म्हणून प्रशिक्षक चार्ली गोल्डमनने त्याला वाकून, डोकं खाली ठेवून आत शिरायला शिकवलं.

या शैलीचं काय झालं असतं, याचा सगळ्यात चांगला पुरावा २२ जानेवारी १९७३ ची जमैकातल्या किंग्स्टनमधली लढत. जो फ्रेझरही असाच वाकून आत येणारा, आणि २१४ पौंडांचा. जॉर्ज फोरमनने त्याला हातांनी ढकलून अंतरावर ठेवलं, खालून अपरकट मारले आणि दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं. वाकलेल्या माणसाची हनुवटी अपरकटच्या वाटेतच असते. तीस पौंडांनी हलका मार्सियानो तिथे वाचला असता, असं मला वाटत नाही. नंतरच्या काळातल्या उंच, लांब हातांच्या लेनॉक्स लुईसपुढे तर अंतर पार करणंच कठीण होतं.

अलीची गोष्ट वेगळी. फ्रेझरने १९७१ मध्ये त्याला पंधरा फेऱ्यांत हरवलं, ते सतत अंगावर जाऊन. ही चिकाटी मार्सियानोकडे भरपूर होती. पण त्याची कातडी लवकर फाटायची. सप्टेंबर १९५४ मध्ये एझर्ड चार्ल्सने त्याचं नाक चिरलं. त्या जखमेमुळे लढत थांबवली जाण्याआधी आठव्या फेरीत त्याने चार्ल्सला पाडलं. अलीच्या जॅबपुढे, म्हणजे पुढच्या हाताच्या झटपट सरळ ठोशापुढे, तेवढा वेळ त्याला मिळाला नसता.