पाट फुटला आणि प्रशासनाने ट्रॅक्टर किंवा जागा घेतली, तर भरपाई कशी मागायची?

रब्बीचं आवर्तन (कालव्यातून ठरावीक काळ पाणी सोडणं) चालू असताना जळगाव जिल्ह्यातल्या जामदा कालव्याचा किंवा हतनूरच्या पाटाचा भराव खचला, तर खालची शिवारं वाचवायला वेळ फार थोडा असतो. अशा वेळी पाटबंधारे खात्याचे अधिकारी लगतच्या शेतात शिरून दुरुस्ती करू शकतात. महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, १९७६ त्यांना तो अधिकार देतो.

वाहन किंवा जागा ताब्यात घ्यायची तर आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ चं कलम ६५ लागतं. उन्हाळ्यात टंचाईसाठी विहीर अधिग्रहित होते, तसंच हे. पण जिल्हा पातळीवर आदेश जिल्हा प्राधिकरणाचा, म्हणजे जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या समितीचा किंवा तिने नेमलेल्या अधिकाऱ्याचा हवा, आणि तो लेखीच हवा. गावकऱ्यांना आवरणार नाही एवढी हानी असेल तरच ही आपत्ती. एखादी चारी (शेतापर्यंत पाणी नेणारा छोटा पाट) दुरुस्त करायला हे कलम वापरता येत नाही.

माझी कळकळीची विनंती आहे: फोनवरच्या शब्दावर ट्रॅक्टर पाठवू नका. गावाच्या कामाला नाही म्हणायला आपल्याकडे जीभ रेटत नाही, आणि नंतर कागदच नसल्याने हक्काचे पैसे अडकतात. आदेशाची प्रत घ्या. ताबा देताना आणि परत घेताना तलाठ्यासमोर पंचनामा करा, मीटरचं रीडिंग आणि फोटो ठेवा. मात्र लेखी आदेश हातात आल्यावर विनाकारण अडवलंत, तर कलम ५१ खाली शिक्षा होऊ शकते.

भरपाईला पात्र कोण? जागेची भरपाई प्रत्यक्ष ताबा असणाऱ्याला मिळते. म्हणजे निमबटाईने (निम्म्या वाट्याने) कसणाराही हक्कदार आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. दर त्या भागातल्या भाड्याप्रमाणे; राहतं घर किंवा दुकान हलवावं लागलं तर तो वाजवी खर्चही मिळतो. वाहनाला गावात चालू असलेला भाडेदर. भाडेखरेदी (हायर पर्चेस) कराराने हप्त्यावर घेतलेलं वाहन असेल तर रक्कम वाहन बाळगणारा आणि मालक यांच्यात विभागली जाते.

तहसील कार्यालयात साधा अर्ज द्या आणि पोच घ्या. सोबत आदेश, पंचनामा, सातबारा किंवा आरसी बुक, बटाईचा करार असल्यास तो, आधार, पासबुकाची प्रत आणि स्थानिक दराची एक-दोन बिलं जोडा. जागेची ठरलेली रक्कम कमी वाटली, तर ३० दिवसांत लवादाकडे (वाद सोडवणाऱ्या त्रयस्थाकडे) प्रकरण पाठवण्याचा अर्ज राज्य शासनाकडे करावा लागतो. वाहनासाठीही तेवढ्यातच अर्ज केलेला बरा.

जमीन कायमचीच हवी असेल, तर मात्र हा आदेश चालत नाही. त्यासाठी २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली वेगळी नोटीस यावी लागते, आणि तातडीच्या कलमातही ताब्याआधी ८० टक्के रक्कम द्यावी लागते.