जुन्या गाडीचा रंग काढण्याआधी : फियाट, अँबेसिडर आणि जीपच्या मालकांसाठी

जुनी गाडी रंगवायला आणणारा बहुतेक जण आल्याआल्या सांगतो, "सगळा रंग काढा, पत्रा उघडा करा." आमचं उत्तर ठरलेलं असतं. आधी बघू द्या.

दाराच्या बिजागरीजवळ, जिथे सहसा कुणाची नजर जात नाही, तिथे आम्ही पाच रुपयांच्या नाण्याएवढी जागा पॉलिश पेपरने घासतो. एकाखाली एक थरांची वर्तुळं दिसतात. गेल्या हिवाळ्यात पारोळ्याकडची एक प्रीमियर पद्मिनी आली होती. वर पांढरा, मग निळा, मग फिक्का हिरवा, पुन्हा निळा, तळाशी करडा प्रायमर. म्हातारे मालक चष्मा वर करून म्हणाले, "हाऊ हिरवा कव्हयना रे?" (हा हिरवा कधीचा?) मुलाला माहीत नव्हतं, आम्हालाही नाही.

मग थिनरची चिंधी फिरवतो. रंग चिंधीला लागला तर तो जुना एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज रंग. सुरकुत्या पडून वर आला तर सिंथेटिक इनॅमल. दोन्हींवर सरळ पीयू (हल्लीचा पॉलियुरेथेन रंग) मारला तर नव्या रंगातला थिनर खालचा थर उचलतो आणि महिन्याभरात गाडी मगरीच्या कातडीसारखी दिसते. थर घट्ट असतील, तडे नसतील, थिनरनेही काही होत नसेल, तर पूर्ण काढण्याचा खर्च करू नका, घिसाई (पॉलिश पेपरने घासणं) करून प्रायमर पुरतो. हे सांगताना आमचंच काम कमी होतं, पण खरं तेच आहे.

काढायचाच ठरला तर बोनेट, टप (छत), दारं यांना पेंट रिमूव्हर. ब्रशने एकाच दिशेने जाड थर द्यायचा, मागेपुढे चोळायचा नाही. वरून प्लॅस्टिकचा कागद, कारण आपल्याकडच्या चैत्र-वैशाखात तो पाच मिनिटांत वाळून जातो. रंग फुगून सुटला की पत्र्याला ओरखडे पडणार नाहीत अशी बोथट पट्टी. दोन पत्र्यांच्या सांध्यांपासून बोटभर जागा टेपने झाकून ठेवतो. तिथे रिमूव्हर शिरला तर धुऊनही पूर्ण निघत नाही, आणि नंतर नेमका तिथूनच नवा रंग फुगतो. टेपखालची ती जागा हाताने खरवडावी लागते. सगळ्यात जास्त वेळ याच कामात जातो.

सँडब्लास्टिंगची मागणी बरेच जण करतात, लवकर होतं म्हणून. चेसिस, सस्पेन्शन, व्हील डिस्क यांना उत्तम. पण बोनेटच्या पातळ पत्र्याला ते मारलं तर पत्रा ताणला जातो, लाटा येतात, आणि त्या लाटा झाकायला लांबी (पुट्टी) भरावी लागते. आम्ही बाहेरच्या पत्र्याला ब्लास्टिंग करत नाही, कितीही आग्रह केला तरी.

जुन्या पिवळ्या-नारिंगी रंगांत आणि शेंदरी प्रायमरमध्ये शिसं असू शकतं. शेंदूर हे शिशाचंच संयुग. म्हणून असे थर कोरडे घासत नाही आणि मास्कशिवाय कुणाला जवळ उभं राहू देत नाही. कौतुकाने बघायला लहान मुलांना आणू नका. रिमूव्हरचा वासही घातक असतो, काम उघड्या शेडमध्येच चालतं.

आता पैशाची गोष्ट. रंग काढायचा दर आणि पत्रा दुरुस्तीचा दर आम्ही वेगळा लिहितो, कारण रंगाखाली काय निघेल हे आधी कुणालाच सांगता येत नाही. कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक दाराच्या खालच्या काठावर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे लांबी आहे, आणि लांबीखाली बहुधा सडका पत्रा. त्या पद्मिनीच्या डाव्या सिलमधून (दाराखालच्या पत्र्यातून) आमच्या हाती पत्रा कमी आणि गंजाचा भुगाच जास्त आला. मालकांना तेव्हाच फोन करून बोलावून दाखवलं, पुढचा दर मग ठरला. बंद आकडा आधी देणारा कुणी भेटला, तर तो जास्त लावतो किंवा लांबी भरून झाकतो.

उघडा पत्रा रात्रभर तसाच ठेवत नाही, दमट हवेत तो लगेच गंजतो. जेवढा भाग उघडला, तेवढा त्याच दिवशी साफ करून एपॉक्सी प्रायमर. हातमोजे घालूनच, कारण बोटांचा घामही दुसऱ्या दिवशी तांबड्या ठशांसारखा उमटतो. म्हणून दिवाळीनंतर गाडी द्या, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत रंगासह परत घ्या. मृगाच्या तोंडावर पत्रा उघडायला घेत नाही. कडाक्याच्या थंडीतही एपॉक्सी नीट बसत नाही, त्या आठवड्यात प्रायमर थांबला तर घाई करू नका.

येताना आर.सी. बुक आणा. रंग बदलायचा असेल तर आर.टी.ओ.त नोंद तुम्हाला करावी लागेल. आणि चेसिस नंबरचा स्पष्ट फोटो आधीच काढून ठेवा. तिथे आम्ही घिसाई करत नाही, पण वर जाड रंग बसलेला असेल तर तो हाताने, तुमच्यासमोर काढू.