अंगणातल्या बोअरमधून घराला ऊब

जिओथर्मल, म्हणजे जमिनीतली उष्णता, म्हटलं की आपल्याला वज्रेश्वरीची गरम पाण्याची कुंडं आठवतात, पण अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात डँडेलियन एनर्जी नावाची कंपनी ज्या जिओथर्मलवर घरं गरम करते ना, त्यात जमिनीखाली गरम असं काहीच नसतं, तापमान असतं जेमतेम १० ते १२ अंश. मग त्यातून घर २१ अंशांपर्यंत कसं तापतं? मला यातलं सगळ्यात भारी हेच वाटतं.

जमिनीत साधारण १० मीटरच्या खाली उन्हाळा-हिवाळा पोचतच नाही, तिथलं तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीजवळ राहतं, म्हणजे बाहेर उणे १५ असलं तरी खाली १० च. अंगणात काही शे फूट बोअर मारायची, त्यात यू आकाराचा प्लास्टिकचा पाइप सोडायचा, त्यातून पाणी आणि ते गोठू न देणारं अँटीफ्रीझ सतत फिरत राहतं आणि वर येताना जमिनीतली उष्णता घेऊन येतं. घरातल्या हीट पंपात (उष्णता एकीकडून दुसरीकडे नेणारं मशीन) जे रेफ्रिजरंट, म्हणजे उष्णता वाहून नेणारा द्रव, असतं ते कमी दाबाला शून्याच्याही खाली उकळू शकतं, त्यामुळे त्याला हे १० अंशांचं पाणी चांगलंच गरम, लगेच वाफ होते, कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, दाबली की ती तापते आणि ती उष्णता घरात जाते. आपला फ्रिज पण हेच करतो, आतली उष्णता उचलून मागे बाहेर टाकतो. उन्हाळ्यात हेच मशीन उलटं चालतं, घरातली उष्णता जमिनीत. वीज फक्त उष्णता हलवायला लागते म्हणून १ युनिट विजेत ३ ते ४ युनिट उष्णता मिळते, साध्या इलेक्ट्रिक हीटरला १ च्या वर जाताच येत नाही.

हीट पंपाची कल्पना नवीन नाहीये, लॉर्ड केल्विन या शास्त्रज्ञाने १८५२ मध्येच ती मांडली होती. अडलं होतं ते खड्ड्याच्या खर्चापाशी. विहिरी खोदायच्या अजस्र मशीन आणायच्या, अंगणभर चिखल, आणि बिल बघून माणूस परत तेलाच्या बॉयलरकडे, कारण त्या भागात बऱ्याच घरांत अजूनही टँकरने आणलेलं तेल जाळतात. डँडेलियन २०१७ मध्ये गूगलची मालक कंपनी अल्फाबेटच्या 'एक्स' या प्रयोगशाळेतून बाहेर पडली, कॅथी हॅनन तिच्या संस्थापकांपैकी एक, आणि त्यांनी हात घातला तो थेट ड्रिलिंगला: छोटं मशीन, काही इंचांचंच भोक, आणि पैसे हप्त्याने. माझ्या मते खरी हुशारी इथे आहे, पंपात नाही.

आपल्याकडे पुण्या-मुंबईत याचा फायदा खूप कमी, कारण वर्षाची सरासरीच २५ च्या आसपास किंवा वर, शिवाय हीटिंग लागतच नाही, त्यामुळे उष्णता नुसती जमिनीत ढकलत राहायची आणि हिवाळ्यात काढून घ्यायची नाही, मग जमीन हळूहळू तापत जाते.

एकदा पुरलेला पाइप ५० वर्षं सहज टिकतो, पंप २०-२५ वर्षांनी बदलला की झालं. म्हणूनच बोअर घर बांधायच्या आधीच मारणं मला जास्त पटतं, ना बाग उकरायची ना कुंपण काढायचं, एकच मशीन प्लॉटमागून प्लॉट करत जातं. २०२५ मध्ये डँडेलियनने लेनार या बिल्डरसोबत कोलोरॅडोत १,५०० हून जास्त नव्या घरांसाठी असाच करार जाहीर केला.