पानाच्या आत पोचणारी ॲडऑन्स

वेबपान आपल्याला सपाट दिसतं, पण ब्राउझरच्या लेखी ते एक झाड असतं. मुळाशी सगळा दस्तऐवज, त्याला शीर्षक, परिच्छेद, प्रतिमा, दुवे अशा फांद्या, आणि त्या फांद्यांना आणखी फांद्या. या रचनेला डॉम म्हणतात. ब्राउझर एचटीएमएल, म्हणजे पानाची रचना सांगणारी भाषा, वाचून हे झाड उभं करतो, सीएसएसचे, म्हणजे रूप ठरवणाऱ्या भाषेचे, नियम लावून कोणती फांदी कुठे, किती मोठी, कोणत्या रंगात ते ठरवतो आणि मग पडदा रंगवतो. ब्लॉग लिहिणाऱ्यांच्या आणि संकेतस्थळं बांधणाऱ्यांच्या कामाची बहुतेक ॲडऑन्स, म्हणजे ब्राउझरला जोडायची छोटी पूरक साधनं, याच झाडाला हात घालतात. कोणी ते नुसतं वाचतं, कोणी त्यात फेरफार करतं.

या क्षेत्रातला सर्वांत मोठा बदल फायरबग या ॲडऑनने घडवला. फायरफॉक्सच्या सुरुवातीच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या जो ह्युइट यांनी २००६ साली ते आणलं. त्याआधी एखादी चौकट जागेवरून का सरकली हे शोधायचं म्हणजे फाइल उघडा, आकडा बदला, जतन करा, पान पुन्हा उघडा, असं चालायचं. पानाला हालचाल देणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेतली चूक पकडायला मध्येच छोटी खिडकी उघडून तिच्यात किंमत छापून बघत. फायरबगमध्ये पानावरच्या कोणत्याही भागावर क्लिक केलं की त्याची फांदी उघडायची, त्याला लागू असलेले सगळे नियम शेजारी दिसायचे आणि आकडा तिथेच बदलला की पान त्याच क्षणी बदलायचं.

मराठी ब्लॉगसाठी याचा उपयोग फार थेट आहे. इंग्रजी मजकूर डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या थीममध्ये, म्हणजे ब्लॉगच्या तयार रूपात, ओळींमधलं अंतर बेताचं असतं. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार येतात, खाली उकार येतात. अंतर कमी असेल तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. हे अंतर अक्षराच्या आकाराच्या १.३ पटीवरून १.७ पटीपर्यंत वाढवून पाहा. डोळ्यांवरचा ताण तिथल्या तिथे कमी झालेला जाणवेल. हा बदल फक्त तुमच्या ब्राउझरमधल्या झाडात होतो; पान पुन्हा उघडलं की मूळ रूप परत येतं. म्हणून बिनधास्त प्रयोग करावेत. पसंत पडलेला आकडा मग थीममध्ये कायमचा लिहायचा.

फायरबगचं काम २०१७ मध्ये थांबलं, कारण त्याची जवळजवळ सगळी कौशल्यं ब्राउझरांनी स्वतःच आत्मसात केली होती. आज क्रोम, एज किंवा फायरफॉक्समध्ये एफ१२ दाबलं की जे उघडतं त्यावर फायरबगची छाप स्पष्ट आहे. एखाद्या ॲडऑनचा याहून सार्थ शेवट मला माहीत नाही.

दुसरी वाट ग्रीझमंकीने दाखवली. ॲरन बूडमन यांच्या या ॲडऑनमुळे वापरणारा स्वतःची छोटी स्क्रिप्ट, म्हणजे जावास्क्रिप्टमधला छोटा प्रोग्राम, दुसऱ्याच्या पानावर चालवू शकू लागला. पण २००५ च्या जुलैमध्ये त्यातली गंभीर त्रुटी उघड झाली: पानातली स्क्रिप्ट ग्रीझमंकीचे खास अधिकार बळकावू शकत होती. बूडमन पुढे गूगलमध्ये क्रोमच्या एक्स्टेन्शन (तिथे ॲडऑनला हेच नाव आहे) व्यवस्थेवर काम करू लागले. त्या व्यवस्थेत पान आणि एक्स्टेन्शन यांना झाड सामाईक असतं, पण दोघांची जावास्क्रिप्ट वेगवेगळ्या जगांत चालते. एकाची चलं, म्हणजे किमती साठवणारी नावं, दुसऱ्याला दिसत नाहीत. आजची ॲडऑन्स याच भिंतीआड राहून काम करतात.

आपल्याकडच्या वाचकांना याच जातीचं आणखी एक ॲडऑन आठवत असेल, पद्मा. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची सामाईक अक्षर-संकेत पद्धत, रुळण्याआधी अनेक भारतीय भाषांतली संकेतस्थळं स्वतःचे खास फॉन्ट वापरत. तो फॉन्ट नसला की पडद्यावर निरर्थक रोमन चिन्हं उमटत. पद्मा असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून दाखवायचं.

आज एकच ॲडऑन सुचवायचं झालं तर मी वेव्ह सुचवेन. अमेरिकेतल्या युटा स्टेट युनिव्हर्सिटीतल्या वेबएम या गटाने ते विकसित केलं. दृष्टिहीन किंवा मंददृष्टी वाचकाला तुमचं पान कुठे अडवतं हे ते पानावरच खुणा करून दाखवतं. तपासणी ब्राउझरमध्येच होते, त्यामुळे अप्रकाशित लेखाचा कच्चा खर्डाही तपासता येतो.

रंगांची तपासणी त्यात विशेष रंजक आहे. आपला डोळा हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक दाद देतो, निळ्याला सर्वांत कमी. म्हणून रंगाची तेजस्विता मोजताना हिरव्याला सुमारे ७२ टक्के, लालला २१ टक्के आणि निळ्याला ७ टक्के भार देतात. दोन रंगांच्या तेजस्वितेवरून त्यांच्यातला विरोध (कॉन्ट्रास्ट) काढतात. पांढऱ्यावर काळा हा २१ला १, म्हणजे कमाल. साध्या आकाराच्या अक्षरांसाठी किमान ४.५ला १ हवा. पांढऱ्यावर शुद्ध निळा सुमारे ८.६ देतो, पण आपला लाडका लालभडक रंग ४ वरच अडकतो, म्हणजे नापास! महत्त्वाच्या सूचना लालमध्ये छापायची सवय इथे आड येते.

वेव्ह आणखी एक गोष्ट पकडतं, ती म्हणजे पानाची भाषा नोंदवलेली नसणं. एचटीएमएलच्या पहिल्याच टॅगमध्ये (खुणेत) मराठीचा 'एमआर' (mr) हा संकेत लिहिला, तर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, मराठी आवाज निवडू शकतो. नोटो सान्ससारख्या काही फॉन्टांत तर या संकेतामुळे 'ल' आणि 'श' हिंदी वळणाऐवजी मराठी वळणाचे उमटतात. दोन अक्षरांच्या नोंदीचा एवढा परिणाम असूनही ती हटकून राहून जाते.

संदर्भ देऊन लिहिणाऱ्यांनी वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हचं वेबॅक मशीनचं ॲडऑनही घ्यावं. दुवा देताना त्या पानाची प्रत एका क्लिकमध्ये साठवता येते.

मात्र जे ॲडऑन सगळं झाड वाचू शकतं, ते तुमचा मेल आणि बँकेचं पानही वाचू शकतं. शिवाय ॲडऑन विकलं जातं आणि नवा मालक गुपचूप अपडेट पाठवू शकतो. द ग्रेट सस्पेंडर हे लोकप्रिय एक्स्टेन्शन मूळ कर्त्याने २०२० मध्ये विकलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते घातक कोडच्या कारणावरून काढून टाकलं. संकेतस्थळांचं रूप बदलणारं स्टायलिश वापरकर्त्यांचा ब्राउझिंग इतिहास मालक कंपनीकडे पाठवत असल्याचं २०१८ मध्ये उघड झालं. त्याच कामासाठी आता स्टायलस हा मुक्तस्रोत (ज्याचा कोड कोणालाही पाहता येतो असा) पर्याय आहे.

क्रोममध्ये प्रत्येक एक्स्टेन्शनच्या तपशिलात साइट ॲक्सेसची सोय असते. तिथे 'क्लिक केल्यावरच' हा पर्याय निवडला, की तुम्ही बटण दाबेपर्यंत त्याला पानाचं झाड दिसत नाही. वेव्हसारख्या तपासनिसांचं काम याने जराही अडत नाही. विकासाची बाकीची हत्यारं ब्राउझरच्या वेगळ्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे स्वतंत्र खात्यासारख्या कप्प्यात, ठेवावीत आणि त्या प्रोफाइलमधून बँकेचं पान उघडू नये.