नामनिर्देशित प्राणिचित्र

नामनिर्देशित प्राणिचित्र : मुलाने एखाद्या प्राण्याचे निरीक्षण करून त्याचे चित्र स्वतः काढायचे आणि प्रत्येक अवयवाला रेघ जोडून त्याचे नाव लिहायचे, अशी अध्यापनपद्धती. तिच्यासाठी ओळखीच्या प्राण्यांपेक्षा चमत्कारिक वाटणारे प्राणी जास्त उपयोगी पडतात. कुत्रा काढायला सांगितला की मूल समोरच्या कुत्र्याकडे न बघता हाताला बसलेला ठरावीक कुत्रा काढून मोकळे होते. प्लॅटिपसचा, म्हणजे बदकासारखी चोच असलेल्या ऑस्ट्रेलियातल्या सस्तन प्राण्याचा, असा तयार साचा त्याच्याकडे नसतो, त्यामुळे बघण्यावाचून गत्यंतर नसते.

चित्रांना क्रमांक देऊन ते मजकुराशी जोडण्याची रीत मुलांच्या पाठ्यपुस्तकात रुजवली ती चेक शिक्षणतज्ज्ञ योहान कोमेनियसने. त्याचे ‘ऑर्बिस पिक्टस’ हे सचित्र पाठ्यपुस्तक 1658 मध्ये न्यूरेंबर्गला निघाले. पण तिथे चित्र तयार मिळे. मुलाने ते स्वतः काढणे ही वेगळी गोष्ट. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात निसर्गशास्त्रज्ञ लुई अगासी विद्यार्थ्यापुढे एक मासा ठेवून त्याला तो बघत बसवत असे. त्यातल्या एकाने कंटाळून मासा कागदावर उतरवायला घेतला, तेव्हा आधी नजरेतून निसटलेले बारकावे त्याला दिसू लागले.

पद्धतीचा खरा कस चित्रापेक्षा नावांत लागतो. ऑक्टोपसचेच पाहा. मुले वर एक मोठा गोल काढतात, त्यात हसरे तोंड रेखाटतात, खाली आठ बाहू लोंबवतात आणि गोलाला ‘डोके’ असे नाव देतात. प्रत्यक्षात ती पिशवी म्हणजे धड. तिन्ही हृदये आणि पोटातले अवयव तिच्यात असतात. डोके त्या पिशवीच्या आणि बाहूंच्या मध्ये, जिथे डोळे आहेत तिथे. आणि तोंड खालच्या बाजूला, आठही बाहू जिथे एकत्र येतात त्याच्या मधोमध. नुसते चित्र पाहून हा गैरसमज शिक्षकाच्या ध्यानात आला नसता. ॲक्सोलॉटल या पाण्यात राहणाऱ्या सॅलमँडरच्या मानेजवळच्या पिसाऱ्यालाही मुले बिनदिक्कत ‘केस’ म्हणतात. ते बाहेर आलेले कल्ले असतात, दोन्ही बाजूंना तीन-तीन.

नुसते नाव लिहून थांबू नये, अवयवाचे कामही लिहावे. प्लॅटिपसच्या चित्रात ‘चोच’ एवढेच लिहिले तर ती बदकाची चोच ठरते. पाण्यात शिरताच हा प्राणी डोळे, कान, नाकपुड्या मिटतो आणि भक्ष्याच्या हालचालीतून निघणारी सूक्ष्म वीज चोचीने टिपतो, हे कळले की तीच रेघ अर्थपूर्ण होते. नराच्या मागच्या पायावरचा विषारी काटा छायाचित्रांत सहसा दिसतच नाही. तो मुद्दाम दाखवावा लागतो. 1799 मध्ये इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॉने या प्राण्याचे वर्णन केले तेव्हा कोणी लबाडीने अवयव जोडले असावेत अशी शंका त्यालाही आली होती, त्यामुळे मुलांनी ‘हा खोटा आहे’ म्हटले तर त्यांना दटावू नये.

लिहिता न येणाऱ्या मुलाने सांगावे आणि मोठ्या माणसाने लिहावे. रेघेचे टोक नेमके अवयवावर टेकावे व रेघा एकमेकींना छेदू नयेत, एवढे दोन नियम पुरेत. चित्राच्या सुबकपणाला गुण देणे टाळावे. छापील चित्रात रंग भरून घेणे तर फारसे उपयोगाचे नाही, कारण त्यात बघण्याचे काम दुसऱ्याच कोणी आधी केलेले असते. काढलेले जास्त आठवते याला आधार आहे : कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लिहून काढलेल्या शब्दांपेक्षा चित्र काढलेले शब्द अधिक लक्षात राहिले. मात्र ते प्रयोग विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर झाले, बालकांवर नव्हे.

नमुना कोणता घेतला यावर बरेच अवलंबून असते. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूररने 1515 मध्ये लिस्बनला आलेला गेंडा न पाहता, कोणाच्या वर्णनावरून व कच्च्या रेखाटनावरून काढला. त्याच्या पाठीवर नसलेले छोटे शिंग आले, आणि युरोपात पुढे कितीतरी काळ तोच गेंडा प्रमाण मानून गिरवला गेला. आज हीच गत ब्लॉबफिश या खोल समुद्रातल्या माशाची. त्याचे प्रसिद्ध लिबलिबीत, नाक लोंबणारे रूप खोल समुद्रातून वर ओढल्यावर दाब कमी झाल्याने आणि शरीर बिघडल्याने आलेले असते. शेकडो मीटर खोलीवर तो मोठ्या डोक्याचा, बऱ्यापैकी सामान्य दिसणारा मासा असतो. मुलांपुढे ठेवायचे ते हे चित्र.