उत्तर आयर्लंडचा पोलिस आणि त्याच्यावर उठणारे हात

बेलफास्टच्या गल्ल्यांत पोलिसाला आजही 'पीलर' म्हणतात. शब्द दोनशे वर्षं जुना आहे. लंडनचं पोलिसदल उभारणारे रॉबर्ट पील त्याआधी, १८१२ ते १८१८ या काळात, आयर्लंडचे मुख्य सचिव होते. १८१४ मध्ये त्यांनी तिथे एक दल काढलं आणि लोक त्यातल्या शिपायांना पीलसाहेबांच्याच नावाने ओळखू लागले. पुढे लंडनच्या पोलिसाच्या हाती दांडकं आलं, आयर्लंडच्या पोलिसाच्या खांद्यावर बंदूक. आयर्लंडचा पोलिस बराकीत राहायचा आणि स्वतःच्या परगण्यात त्याची नेमणूक होत नसे. लोकांमध्ये मिसळणं हे त्याचं काम नव्हतं, लोकांवर नजर ठेवणं हे होतं. हाच साचा चार्ल्स नेपियरने १८४३ मध्ये सिंधमध्ये आणला. सिंध पुढे मुंबई इलाख्यात आला आणि १८६१ च्या पोलिस कायद्याने तो साचा हिंदुस्थानभर पसरला. त्यामुळे बेलफास्टच्या पोलिसाची गोष्ट वाचताना मराठी वाचकाला ती फार परकी वाटू नये.

१९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली. ईशान्येचे सहा परगणे ब्रिटनकडे राहिले आणि तिथे ब्रिटनबरोबरच राहू इच्छिणारे प्रोटेस्टंट बहुसंख्य होते; कॅथलिकांचा ओढा बहुतेक स्वतंत्र आयर्लंडकडे होता. पुढच्या वर्षी, जून १९२२ मध्ये, 'रॉयल अल्स्टर कॉन्स्टॅब्युलरी' म्हणजे आरयूसी जन्माला आली. तिच्यातल्या एक तृतीयांश जागा कॅथलिकांसाठी ठेवल्या होत्या, पण त्या कधीच भरल्या नाहीत. काहींना त्या राज्याची चाकरी करायची नव्हती, काहींना केली असती तर शेजाऱ्यांनी जगू दिलं नसतं, आणि वरच्यांनाही त्या भरण्याची घाई नव्हती. जोडीला 'बी स्पेशल्स' हे जवळजवळ संपूर्ण प्रोटेस्टंट असलेलं अर्धवेळ सशस्त्र दल होतं. पन्नास वर्षं स्टॉर्मॉंटला, म्हणजे उत्तर आयर्लंडच्या संसदेत, एकाच प्रोटेस्टंट पक्षाचं सरकार होतं आणि पोलिस त्या सरकारच्या गृहमंत्र्याच्या हाताखाली होते. कॅथलिक वस्तीत खाकी किंवा हिरवा गणवेश दिसला की लोक तो कायद्याचा मानत नसत, 'त्यांचा' मानत.

१९६८ च्या ५ ऑक्टोबरला डेरीमध्ये नागरी हक्कांचा मोर्चा निघाला. घरं, नोकऱ्या आणि मताचा समान हक्क एवढीच मागणी होती. पोलिसांनी मोर्चेकऱ्यांवर काठ्या चालवल्या, टीव्हीच्या कॅमेऱ्याने ते जगाला दाखवलं आणि ठिणगी पडली. पुढच्या ऑगस्टमध्ये डेरीच्या बॉगसाइड वस्तीत लोक आणि पोलिस यांच्यात तीन दिवस लढाई चालली. त्याच आठवड्यात बेलफास्टमध्ये पोलिसांच्या चिलखती गाडीवरच्या मशीनगनने डिव्हिस फ्लॅट्सवर गोळ्या झाडल्या. घरात असलेला नऊ वर्षांचा मुलगा त्यात मेला. ब्रिटिश लष्कर रस्त्यावर आलं. या नऊ वर्षांच्या मुलाला विसरून पुढचं काही समजून घेता येणार नाही. पोलिसांवरची हिंसा कधीच समर्थनीय नव्हती असं मी मानतो, पण ती आभाळातून पडली नाही.

यानंतर जे घडलं ते मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत बोलकं प्रकरण वाटतं. सरकारने हंट समिती नेमली. तिचा अहवाल १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये आला: आरयूसीची शस्त्रं काढून घ्या, बी स्पेशल्स बरखास्त करा. ते ऐकून बेलफास्टच्या शँकिल रस्त्यावर हजारो माणसं उतरली. हे प्रोटेस्टंट लोक होते, स्वतःला राणीचे आणि पोलिसांचे निष्ठावंत म्हणवणारे. पोलिसांना दुबळं करताहेत म्हणून ते चिडले होते आणि त्या चिडीत त्यांच्यातल्याच कुणीतरी गोळी झाडून एका पोलिसाला ठार केलं. त्या संघर्षात, ज्याला तिथले लोक नुसतं 'ट्रबल्स' म्हणतात, मारला गेलेला पहिला पोलिस तो. म्हणजे त्याचा जीव घेणारा हात पोलिसांच्या बाजूने उभं असल्याचं सांगणाऱ्या गर्दीतला होता.

पुढच्या तीन दशकांत आरयूसीचे तीनशेहून अधिक पोलिस मारले गेले आणि सुमारे ९,००० जखमी झाले. बहुतेकांचा जीव आयआरएने, म्हणजे ब्रिटनपासून सुटून एकसंध आयर्लंडसाठी लढणाऱ्या 'आयरिश रिपब्लिकन आर्मी'ने घेतला. १९७० च्या दशकाच्या मध्यावर लंडनने ठरवलं की लष्कर मागे आणि पोलिस पुढे ठेवायचे, म्हणजे जगाला हे युद्ध न दिसता गुन्हेगारी दिसेल. त्या धोरणाची किंमत स्थानिक माणसाने मोजली, कारण सैनिक मुदत संपली की ब्रिटनला परतायचा, पोलिस मात्र त्याच गावात राहायचा, त्याच दुकानातून दूध आणायचा. कित्येकांना ड्यूटी नसताना, घराच्या दारात, शेतात, मुलांना शाळेत सोडताना मारलं. १९८५ च्या २८ फेब्रुवारीला न्यूरीच्या ठाण्यावर घरगुती बनावटीच्या तोफगोळ्यांचा मारा झाला. एक गोळा उपाहारगृहाच्या तात्पुरत्या खोलीवर पडला आणि नऊ पोलिस एका क्षणात गेले.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लंडन आणि डब्लिन यांच्यात करार झाला आणि उत्तर आयर्लंडच्या कारभारात डब्लिनला सल्ला देण्याचा हक्क मिळाला. त्याची अंमलबजावणी करणारे पोलिस 'गद्दार' ठरले आणि या वेळी प्रोटेस्टंट वस्त्यांतूनच पोलिसांच्या शेकडो घरांवर पेट्रोलबॉम्ब पडले. बरीच कुटुंबं रातोरात दुसरीकडे हलवावी लागली. प्रोटेस्टंट वस्तीत वाढलेला, तिथल्याच चर्चमध्ये जाणारा पोलिस स्वतःच्या गल्लीतून हाकलला गेला.

आरयूसीचा दुसरा चेहराही होताच. तिच्या हातून पन्नासच्या वर माणसं मेली, त्यातली काही नि:शस्त्र होती. कासलरेच्या चौकशी केंद्रातल्या मारहाणीची दखल १९७९ मध्ये बेनेट समितीलाही घ्यावी लागली. वकील पॅट फिनुकेन यांची १९८९ मध्ये त्यांच्या घरात, बायकामुलांसमोर हत्या झाली. त्यात सुरक्षा दलांतल्या माणसांचं निष्ठावादी, म्हणजे ब्रिटनशी निष्ठा सांगणाऱ्या प्रोटेस्टंट, मारेकऱ्यांशी संगनमत होतं हे पुढे सर जॉन स्टीव्हन्स यांच्या चौकशीने २००३ मध्ये सांगितलं. पोलिसांची विधवा आणि पोलिसांनी मारलेल्याची विधवा एकाच शहरात राहत होत्या, आणि दोघींनाही आपलं दुःख दुसरीला दिसत नाही असं वाटत होतं. आजही ते पुरतं बदललेलं नाही.

१९९८ च्या १० एप्रिलला गुड फ्रायडे करार झाला. त्याने तुरुंग उघडले, सत्तेची वाटणी ठरवली, पण पोलिसांचा प्रश्न इतका नाजूक होता की तो स्वतंत्र आयोगाकडे सोपवला. करारानंतर सहा महिन्यांनी, पोर्टाडाउनमध्ये ड्रमक्रीच्या प्रोटेस्टंट मिरवणुकीवरून चाललेल्या दंग्यात निष्ठावाद्यांनी फेकलेल्या बॉम्बने जखमी झालेला एक पोलिस हॉस्पिटलमध्ये वारला. तो कॅथलिक होता. आरयूसीचा त्या संघर्षातला शेवटचा बळी तोच. पहिल्याप्रमाणे शेवटचाही निष्ठावाद्यांच्या हातून गेला. मधल्या तीनशे मरणांचा हिशेब मांडताना ही दोन टोकं लोक सहसा विसरतात.

ख्रिस पॅटन यांच्या आयोगाने सप्टेंबर १९९९ मध्ये १७५ शिफारशी दिल्या. त्या वेळी आरयूसीत कॅथलिक जेमतेम आठ टक्के होते, लोकसंख्येत चाळीसच्या पुढे. दलाचं नाव, चिन्ह, देखरेख, भरती, सगळं बदलायचं ठरलं. ४ नोव्हेंबर २००१ ला 'पोलिस सर्व्हिस ऑफ नॉर्दर्न आयर्लंड' म्हणजे पीएसएनआय सुरू झाली. तिच्या चिन्हावर मुकुट आहे आणि वीणाही, शॅमरॉकचं पान आहे आणि न्यायाचा तराजूही. भरतीत प्रत्येक कॅथलिकामागे एकच बिगर-कॅथलिक घ्यायचा असा नियम झाला. तक्रारी ऐकायला स्वतंत्र लोकपाल आला. आरयूसीला राणीने जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक दिलं, तरी ज्यांची माणसं त्या नावाखाली मेली त्यांना नाव पुसलं गेल्याचं शल्य राहिलं. ते शल्य खोटं नव्हतं. पण नाव बदललं नसतं तर कॅथलिक मुलगा त्या दारातून आत आला नसता, हेही तितकंच खरं.

तो आला. गेलिक खेळांच्या संघटनेने, जीएएने, पोलिसांना सदस्यत्व नाकारणारा आपला जुना नियम नोव्हेंबर २००१ मध्येच काढून टाकला. २००७ च्या जानेवारीत आयआरएच्या जवळच्या शिन फेन पक्षाने खास अधिवेशन घेऊन पोलिसांना पाठिंबा जाहीर केला. ज्या पक्षाच्या मित्रांनी पोलिसांवर बंदुका रोखल्या, त्याचेच नेते आता पोलिसांना माहिती द्या म्हणू लागले. आणि कॅथलिक भरती वाढत गेली तसा नेम तिच्याच दिशेने वळला.

करार न मानणाऱ्या छोट्या रिपब्लिकन, म्हणजे एकसंध आयर्लंड मागणाऱ्या, गटांना शांतता मोडायची होती. शांतता दिसते कशात? पोलिसांच्या गणवेशातल्या कॅथलिक तरुणात. मार्च २००९ मध्ये क्रेगॅव्हनला एका घरावर वीट फेकल्याची तक्रार आली. तिथे गेलेले कॉन्स्टेबल स्टीफन कॅरोल यांना गोळी घातली गेली. पीएसएनआयचा पहिला बळी तो. दुसऱ्या दिवशी आयआरएचे माजी म्होरके आणि तेव्हा उपमुख्यमंत्री असलेले मार्टिन मॅगिनेस पोलिसप्रमुखांच्या शेजारी उभे राहिले आणि मारेकऱ्यांना 'आयर्लंड बेटाचे गद्दार' म्हणाले. दहा वर्षांपूर्वी कुणी हे स्वप्नातही पाहिलं नसतं. पुढच्या जानेवारीत पीएसएनआयच्या गेलिक फुटबॉल संघाच्या कर्णधाराच्या गाडीखाली बॉम्ब फुटला, त्याचा पाय गेला.

२ एप्रिल २०११ ला ओमामध्ये २५ वर्षांच्या रोनन केर यांच्या गाडीखाली बॉम्ब फुटला आणि ते गेले. केर कॅथलिक होते, भरती होऊन फार दिवस झाले नव्हते. बेरा गावात अंत्ययात्रा निघाली तेव्हा शवपेटी आधी जीएएच्या कार्यकर्त्यांनी खांद्यावर घेतली आणि मग पोलिसांच्या खांद्यावर दिली. दशकभर आधीपर्यंत हे दोन खांदे एका रस्त्यावर उभे राहत नव्हते. प्रोटेस्टंट पक्षाचे मुख्यमंत्री पीटर रॉबिन्सन कॅथलिक चर्चमधल्या प्रार्थनेला आले. मुलाला पोचवणाऱ्या आईने कॅथलिकांना सांगितलं की पोलिसात जाणं थांबवू नका. दुसऱ्याच्या मुलांना हाक देण्याची ताकद त्या दिवशी तिने कुठून आणली, याचा विचार मी अनेकदा केला आहे.

त्याच वर्षी समान भरतीचा नियम संपला. कॅथलिकांचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास पोचलं होतं आणि तिथेच जवळजवळ अडकलं.

रस्त्यावरची मारामारी वेगळ्या चालीने चालू राहिली. डिसेंबर २०१२ मध्ये बेलफास्ट महापालिकेने ब्रिटनचा झेंडा रोज न फडकवण्याचं ठरवलं आणि निष्ठावादी वस्त्यांत महिनोन्महिने दंगे झाले. एप्रिल २०२१ मध्ये ब्रेक्झिटनंतर ब्रिटनहून येणाऱ्या मालाच्या सागरी तपासणीचा राग आणि कोविडकाळातल्या एका गर्दीच्या अंत्ययात्रेबद्दल शिन फेन नेत्यांवर खटला न भरण्याचा निर्णय यांतून बेलफास्टमधल्या कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्या वेगळ्या करणाऱ्या लॅनार्क वेच्या भिंतीपाशी दगड आणि पेट्रोलबॉम्ब उडाले, ऐंशीहून अधिक पोलिस जखमी झाले. दगड मारणाऱ्यांत बारा-तेरा वर्षांची पोरं होती, करारानंतर कित्येक वर्षांनी जन्मलेली. जून २०२५ मध्ये बॅलिमिनात परदेशी कुटुंबांची घरं जाळली गेली आणि आडवे आलेल्या पोलिसांपैकी साठहून अधिक जखमी झाले. भांडण आता कॅथलिक-प्रोटेस्टंटांचं नव्हतं, तरी दगड उचलायची सवय जुनीच होती. १९६९ पासून या वस्त्यांत चोरीची तक्रारही पोलिसांकडे न जाता सशस्त्र टोळीकडे जायची, टोळी गुडघ्यात गोळी घालून 'न्याय' करायची आणि पोलिसांशी बोलणाऱ्याला 'टाउट' म्हणजे खबरी ठरवायची. ती व्यवस्था करारावर सह्या झाल्या म्हणून उठून गेली नाही. डेरीच्या क्रेगन वस्तीत १८ एप्रिल २०१९ ला करार न मानणाऱ्या 'न्यू आयआरए'च्या माणसाने पोलिसांवर झाडलेली गोळी पत्रकार लायरा मॅकी यांना लागली आणि त्या गेल्या. त्या शांततेच्या पिढीबद्दलच लिहीत असत.

फेब्रुवारी २०२३ मध्ये ओमातल्या क्रीडासंकुलात मुलांचा फुटबॉल सराव संपला. एक वरिष्ठ तपास अधिकारी गाडीत चेंडू ठेवत होता, त्याचा मुलगा बरोबर होता. दोघा बंदूकधाऱ्यांनी त्याच्यावर अनेक गोळ्या झाडल्या, तो जेमतेम वाचला. त्याच ऑगस्टमध्ये माहिती अधिकाराच्या एका उत्तराबरोबर दलातल्या जवळजवळ दहा हजार जणांची आडनावं, आद्याक्षरं, हुद्दे आणि ठाणी नजरचुकीने जगासमोर गेली. काही तासांत ती काढली, पण काही दिवसांनी पोलिसप्रमुखांनी मान्य केलं की यादी रिपब्लिकन बंडखोरांच्या हातात आहे. उत्तर आयर्लंडमध्ये आडनावावरून माणूस कुठल्या बाजूचा हे बहुतेक कळतं. ज्या कॅथलिक पोलिसांनी स्वतःच्या आईवडिलांनाही आपली नोकरी सांगितली नव्हती, त्यांची आडनावं त्या यादीत होती.

पॅटन यांनी ७,५०० पोलिस हवेत म्हटलं होतं, आता सुमारे ६,३०० आहेत. तिथले पोलिस गणवेश दोरीवर वाळत घालत नाहीत, मुलांना शाळेत 'बाबा सरकारी नोकरीत आहेत' एवढंच सांगायला शिकवतात, आणि रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी गुडघे टेकून तिच्याखाली पाहतात.